ध्रुवताऱ्यावर नको, ध्रुवावर लाव

अमरावती,
१२ जानेवारी

चि. वेदांत,

तुझा फोटो पाहिला. मृगातल्या तेजोमेघाचा रंग सुरेख आलाय, तारे मात्र सगळे एकाच दिशेला लांबलेत. तू लिहितोस, ध्रुवतारा पोलर स्कोपच्या फुलीवर अगदी मधोमध आणला होता, गायडिंगचं कॅलिब्रेशनही तिथंच शेजारच्या एका ताऱ्यावर उरकलं, तरी आलेखातली क्रांतीची, म्हणजे उत्तर-दक्षिण सरकण्याची, रेघ सारखी एकाच बाजूला घसरत राहिली. आणि शेवटी विचारतोस, भारीतला गाइड कॅमेरा घेऊ का? घेऊ नकोस. तुझ्या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही दुरुस्त करायला पैसा लागत नाही. गच्चीवरची एक अख्खी संध्याकाळ लागते, आणि तीच द्यायला तुम्ही मंडळी कुरकुरता.

पहिली चूक. ध्रुवबाळाला अढळपद मिळाल्याची गोष्ट आजीनं तुला सांगितलीच असेल. दुर्बिणीपुढे ते पद तितकंसं अढळ राहत नाही. आकाश ज्या बिंदूभोवती फिरतं तो खरा ध्रुव. ध्रुवतारा सध्या त्याच्यापासून साधारण ३८ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) दूर आहे, आणि तोही बाकीच्यांसारखा रोज एक फेरी मारतो. ३८ कला थोड्या वाटत असतील तर पौर्णिमेचा चंद्र आठव. त्याची रुंदी ३१ कला. म्हणजे अख्खा चंद्र मावून वर जागा उरेल इतका तुझा अक्ष हुकला होता.

आता हिशेब कर. माउंटचा अक्ष ध्रुवापासून एक कला हुकला, तर तारा क्रांतीच्या दिशेनं मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकलेच्या (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) थोडा वर सरकतो. ३८ कला हुकल्यावर मिनिटाला दहा विकला. तुझी दुर्बीण ४०० मिलिमीटरची, कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, म्हणजे एका पिक्सेलमागे १.९ विकला. तीन मिनिटांच्या फोटोत तारा पंधरा पिक्सेल लांब होणार. गायडिंग त्याला मागं ओढायला बघतं खरं, पण त्याचं काम किरकोळ उणंदुणं सावरण्याचं. वावरात पहिलं तास वाकडं गेलं, की मागून कासरा कितीही ओढला तरी पेरणी सरळ येत नाही. अक्ष हे पहिलं तास.

मग ध्रुव सापडायचा कसा? पोलर स्कोपमध्ये फुलीभोवती एक छोटं वर्तुळ कोरलेलं असतं. ध्रुवतारा त्या वर्तुळावर, घड्याळातल्या ठरावीक जागी बसवायचा, म्हणजे फुली आपोआप ध्रुवावर येते. जागा वेळेनुसार बदलते. या दिवसांत संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आपल्याकडून ध्रुवतारा खऱ्या ध्रुवाच्या नेमका वर असतो, म्हणजे पोलर स्कोपच्या उलट्या चित्रात तळाशी. मोबाइलवरचं अ‍ॅप हे सगळं करून देतं, पण तुझ्या माउंटवर जुन्या पद्धतीची तारीख-वेळेची तबकडी आहे. ती वापरणार असशील तर एक ध्यानात ठेव: हातातलं घड्याळ ८२.५ रेखांशाची वेळ दाखवतं आणि तुझं अकोला आहे ७७ वर. अकोल्याची खरी स्थानिक वेळ घड्याळाच्या २२ मिनिटं मागं असते. तेवढं विसरलास तर ध्रुवताऱ्याची जागा साडेपाच अंशांनी चुकते आणि अक्ष साडेतीन कलांनी. फार नाही, पण फुकटची चूक करायची कशाला?

पोलर स्कोप स्वतः तरी सरळ आहे का, हे आधी बघ. कारखान्यातून तो सरळ येतोच असं नाही. हे काम दिवसा कर. माउंटचं डोकं आडवं करून दूरचा एखादा मोबाइल टॉवर फुलीवर घे, मग विषुवांशाचा अक्ष अर्धा फेरा फिरव. टॉवरचं टोक फुलीवरच राहिलं तर उत्तम. सरकलं, तर जितकं सरकलं त्याच्या निम्मं स्कोपच्या कडेच्या तीन बारीक स्क्रूंनी परत आण आणि उरलेलं निम्मं माउंटच्या बोल्टनं. पुन्हा फिरव, पुन्हा बघ. एक स्क्रू सैल केल्याशिवाय समोरचा आवळू नकोस. ते इवलेसे स्क्रू काचेवर टेकलेले असतात, जबरदस्ती केलीस तर काचेला तडा जातो.

आता आपल्या मुलखाची अडचण. ध्रुवाची उंची म्हणजे त्या गावाचा अक्षांश, हे तू नववीत शिकलास. अकोला २०.७, अमरावती २०.९, चिखलदरा २१.४. पणजोबांचं जुनं पंचांग माझ्याकडे आहे. अशा पंचांगांत गावोगावची पलभा दिलेली असे, म्हणजे विषुवदिनी भरदुपारी बारा अंगुळं उंचीच्या शंकूची सावली. अकोल्याची पलभा काढलीस तर चार अंगुळं बत्तीस व्यंगुळं येईल. तिला बारानं भागून कोन काढ, तेच २०.७ मिळतात. मार्चच्या २१ तारखेला गच्चीवर काठी उभी करून पाहा. माउंटवर छापलेल्या अंशांच्या पट्टीपेक्षा त्या काठीवर माझा जास्त भरवसा आहे. ती पट्टी अंदाजापुरतीच असते.

दुर्बिणीसोबतच्या पुस्तिका मात्र चाळीस-पन्नास अंशांवर राहणाऱ्यांसाठी लिहिलेल्या असतात. त्यांच्याकडे ध्रुव आभाळात मध्यावर, आपल्याकडे कडुलिंबाच्या शेंड्याला. खालच्या आकाशात धूळ असते, थंडीत वावरात पऱ्हाटी पेटवल्याचा धूर असतो, आणि तुझ्याकडे उत्तरेला शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. शिवाय इतक्या खाली वातावरणामुळे प्रकाश वाकतो आणि तारे असतात त्यापेक्षा अडीच कला वर दिसतात. म्हणून इथं कुणी अर्ध्या कलेची अचूकता साधल्याच्या गप्पा मारत असेल, तर ऐकून घे आणि सोडून दे.

पुस्तिकेत आणखी एक सल्ला असतो, ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेला ठेवा. आपल्याकडे अक्ष इतका आडवा पडतो, की काउंटरवेटचा दांडा जवळपास सरळ खाली लोंबतो आणि नेमका त्या उत्तरेच्या पायावर आदळतो. काही माउंटमध्ये दिगंशाची खुंटी काढून दुसऱ्या भोकात बसवता येते. तुझ्यात जमत असेल तर ट्रायपॉड फिरवून दोन पाय उत्तरेला आणि एक दक्षिणेला ठेव, म्हणजे दांडा दोन पायांच्या मधून मोकळा फिरेल. उत्तर दिशेचा पहिला अंदाज होकायंत्रानं घेतलास तरी चालेल. आपल्या भागात चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेला जवळजवळ लागूनच आहे. फक्त होकायंत्र माउंटच्या लोखंडापासून चार हात लांब धर.

उंचीचे बोल्ट तर आपल्या अक्षांशावर फारच सोसतात. सगळं वजन पुढं झुकलेलं, आणि ते तोललेलं एका बोल्टच्या टोकावर. दुर्बीण चढवलेली असताना जोर लावून फिरवलास तर बोल्ट वाकतो. समोरचा बोल्ट आधी ढिला कर, डोक्याला हातानं खालून आधार दे, मग फिरव. शेवटचा फेरा नेहमी खालून वर नेणारा असू दे. वरून खाली आणून सोडलंस तर रात्रभरात वजनानं डोकं आणखी बसतं आणि तू मात्र सॉफ्टवेअरला शिव्या देत बसतोस.

जमिनीबद्दल लिहायलाच हवं, कारण तुझे बाबा म्हणत होते की शेतात पक्का खांब बांधून द्यायचा विचार आहे. विचार चांगला, जागा अवघड. आपली कापसाची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. वऱ्हाडातल्या किती घरांच्या भिंतींना तडे आहेत, बघतोसच. दोन फूट खड्डा करून त्यात काँक्रीट ओतलंस, तर दिवाळीत ध्रुवावर लावलेला अक्ष होळीपर्यंत भलतीकडे बघत असेल. मुरूम लागेपर्यंत खण, खांब मुरमावर उभा राहू दे आणि भोवतीच्या काळ्या मातीला चिकटू देऊ नकोस. आपल्याकडचा कुठलाही जुना गवंडी हेच सांगेल, त्याला दुर्बिणीतलं काही कळलं नाही तरी. खांब होईपर्यंत ट्रायपॉडच्या पायांखाली फरशीचे तुकडे घाल. नाहीतर ओलसर वावरात एक पाय हळूच रुततो. गच्चीवर रुतण्याची भीती नाही, पण स्लॅब दिवसभराचं ऊन रात्री अकरापर्यंत ओकत असतो आणि आई कपडे काढायला वर आली की आलेखात उंचवटा येतो.

या जमिनीवर याआधीही मोठी मंडळी यंत्रं घेऊन आली होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून वऱ्हाडावरून पुढं गेला. धामणगाव आणि पुलगाव यांच्यामधल्या तळणी स्टेशनापाशी ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या लोकांनी मुक्काम केला. त्यांत एडवर्ड वॉल्टर माँडर आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅनी माँडर होत्या, जॉन एव्हरशेडही होते. अ‍ॅनीबाई केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेल्या. ग्रीनिच वेधशाळेत नोकरीला होत्या, पण लग्न झाल्याबरोबर तिथल्या रिवाजानुसार ती नोकरी सोडावी लागली. तळणीत दीड इंची भिंगाच्या छोट्या कॅमेऱ्यानं त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलाचा इतका लांब झोत टिपला, जितका त्याआधी कुणाच्या फोटोत आला नव्हता. वय अवघं एकोणतीस. एव्हरशेडना त्याच ग्रहणात सूर्याच्या कडेचे मोलाचे वर्णपट मिळाले. पुढं ते कोडाईकनालला आले आणि १९०९ मध्ये सूर्यडागांतल्या वायूच्या प्रवाहाचा त्यांनी लावलेला शोध आज त्यांच्याच नावानं ओळखला जातो.

खग्रास स्थिती होती दोन मिनिटांच्या आसपास. दोन मिनिटांसाठी माणसं बोटीनं समुद्र ओलांडून आपल्या तळणीला आली, कारण ग्रहण दुसरी संधी देत नाही. तुला तर रोज रात्री संधी आहे, मग मांडामांडीला एक तास दिलास म्हणून काय बिघडलं? आज तळणीहून पॅसेंजरनं जाताना कुणाला यातलं काही ठाऊक नसतं. तिथं एखादी पाटी लागायला हवी होती असं मला नेहमी वाटतं, पण ते असो.

पुण्यातही त्याच काळी कावसजी दादाभाई नायगमवाला यांच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत ग्रब कंपनीची वीस इंची दुर्बीण होती, देशातली तेव्हाची सर्वांत मोठी. वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, कोडाईकनालचा सव्वादहा. म्हणजे तिच्यासारख्या राणीलाही नव्या गावी अक्ष नव्यानं लावल्यावाचून सुटका नव्हती. अलीकडच्या मोठ्या दुर्बिणींनी हा पेच वेगळ्या तऱ्हेनं सोडवलाय. जुन्नरजवळच्या गिरावलीची आयुकाची दोन मीटरची दुर्बीण घे नाहीतर खोडदच्या जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या थाळ्या घे, त्या दिगंश आणि उन्नतांश या दोन अक्षांवर फिरतात आणि संगणक दोन्ही एकाच वेळी चालवतो. ते वैभव आपल्याकडे नाही, आपल्याला ध्रुवच धरायचा आहे.

टाकीमुळे ध्रुवतारा दिसतच नसेल तर सरकण्याची पद्धत वापर. उत्तरेकडे बघायचं कामच नाही. आधी दिगंश, म्हणजे अक्षाची पूर्व-पश्चिम चूक. या आठवड्यात रात्री सव्वादहाच्या सुमारास मृगाच्या पट्ट्यातल्या तीन ताऱ्यांपैकी सर्वांत पश्चिमेचा तारा याम्योत्तर वृत्तावर येतो. तो वैषुविक वृत्ताला अगदी चिकटून आहे, म्हणून कामाचा. क्रांतीचं गायडिंग बंद ठेवून तीन-चार मिनिटं त्याला नुसता बघत राहा. तारा दक्षिणेकडे सरकला तर अक्षाचं टोक ध्रुवाच्या पूर्वेला गेलंय, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. बोल्ट फिरव, पुन्हा बघ. उंचीसाठी पूर्वेचा तारा हवा. संध्याकाळी आठला प्रश्वा पूर्वेला पंचवीस अंशांवर असतो, तो चालेल. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे सरकला तर वर. पश्चिमेचा तारा घेतलास तर हे नेमकं उलटं होतं. कॅमेऱ्यात उत्तर कुठली ते कळत नसेल तर बटण दाबून दुर्बीण उत्तरेला जराशी हलव. तारा पडद्यावर ज्या बाजूला पळेल ती दक्षिण.

हल्ली नीना आणि एएसआयएअर ही सॉफ्टवेअरं आकाशाचे दोन-तीन फोटो काढून, त्यांतले तारे ओळखून, अक्ष किती हुकलाय ते थेट आकड्यांत सांगतात. वापर, मी काही विरोधात नाही. पण सरकण्याची पद्धत एकदा हातानं केलीस की तो आकडा कुठला बोल्ट मागतोय ते आपोआप कळायला लागतं.

दुसरी चूक कॅलिब्रेशनची, आणि माझ्या मते तीच मोठी. कॅलिब्रेशनमध्ये सॉफ्टवेअर माउंटला पश्चिमेला ढकलतं, परत आणतं, मग उत्तरेला ढकलतं, आणि तारा कॅमेऱ्यात कुठल्या दिशेला किती सरकला ते मोजून ठेवतं. रात्रभराच्या सगळ्या दुरुस्त्या त्या मोजमापावर चालतात. गाइड रेट अर्धा असेल तर एका सेकंदाच्या धक्क्यानं माउंट साडेसात विकला हलतं. वैषुविक वृत्तावरचा तारा तेवढाच हललेला दिसतो. तू मात्र हे ध्रुवताऱ्यापाशी केलंस. तिथं विषुवांशाचा अक्ष फिरवल्यावर तारा जागच्या जागी गिरकी घेतो. साडेसात विकलांच्या जागी तो सरकतो विकलेच्या दहाव्या भागाहून कमी. सॉफ्टवेअरनं हवेच्या थरथरीलाच दिशा समजून नोंद केली आणि रात्रभर भलत्या बाजूला ढकलत बसलं.

म्हणून कॅलिब्रेशन कायम त्या मृगाच्या ताऱ्याच्या आसपास कर. आणि इथं आपला अक्षांश आपल्या बाजूनं आहे. आपल्याकडे वैषुविक वृत्त दक्षिणेला ६९ अंशांवरून जातं, जवळजवळ डोक्यावरून. तिथली हवा स्वच्छ आणि स्थिर. लंडनवाल्याला हेच काम साडेअडतीस अंशांवरच्या गढूळ हवेत करावं लागतं. ध्रुव खाली दिल्याची भरपाई म्हण.

सुरू करण्याआधी दुर्बीण बटणानं उत्तरेला थोडी चालव, म्हणजे क्रांतीच्या गिअरांतली ढिलाई निघून जाईल. तुझा गाइड स्कोप २०० मिलिमीटरचा आहे, त्याला एकेका सेकंदाच्या बारा-तेरा धक्के पुरतात. शेवटी आकृतीत दोन रेषा काटकोनात दिसल्या पाहिजेत. पाच-दहा अंशांचा फरक चालतो. दोन्ही रेषांचा वेगही साधारण सारखा हवा. विषुवांशाचा वेग फार कमी आला तर तारा चुकलाय. हे एकदा नीट झालं की गाइड कॅमेऱ्याला हात लावू नकोस. तो नळीत फिरला की सगळं मोजमाप बाद. आणि माउंट साध्या एसटी-४ केबलनं जोडू नकोस, लॅपटॉपला थेट जोड. त्या केबलवरून सॉफ्टवेअरला दुर्बीण कुठल्या क्रांतीवर आहे ते कळत नाही, मग दरवेळी नव्यानं कॅलिब्रेशन करत बसावं लागतं.

आता कुठं थांबायचं. अक्ष पाच कलांच्या आत आला की थांब. पाच कला म्हणजे मिनिटाला सव्वा विकला, तेवढं गायडिंग सहज पेलतं. उलट जराशी चूक राहिलेली बरी. मग तारा क्रांतीत कायम एकाच बाजूला सरकतो, दुरुस्तीही एकाच बाजूनं द्यावी लागते आणि गिअरांची ढिलाई आड येत नाही. आकाश फोटोत फिरतं म्हणून लोक फार घाबरवतात. पाच कलांवर तुझ्या तीन मिनिटांच्या फोटोत ते फिरणं दिसणारसुद्धा नाही. ध्रुवाजवळचं काही टिपत असशील तरच काळजी कर.

आलेखात विषुवांशाची रेघ दर दहा मिनिटं अडतीस सेकंदांनी तशीच वरखाली होताना दिसली तर दचकू नकोस. तुझ्या माउंटच्या चाकाला १३५ दाते आहेत, त्याला फिरवणाऱ्या वर्म स्क्रूची ती एक फेरी. गायडिंग मुळात त्यासाठीच असतं. गाइड कॅमेऱ्याला दोन-तीन सेकंदांचं एक्सपोजर दे. त्याहून कमी ठेवलंस तर ते हवेच्या थरथरीमागं धावत सुटेल.

शहरातल्या दिव्यांवर मात्र माझ्याकडे उपाय नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, पण अकोल्याहून ते लांब पडतं. आपल्याला नरनाळ्याची बाजू किंवा चिखलदरा बरा. जंगलात रात्री थांबायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढ. पुढच्या अमावास्येला चिखलदऱ्याला जाऊ, मी गाडी ठरवते.

त्याआधी गच्चीवर दोन कामं करून ठेव: पोलर स्कोप दिवसाउजेडी तपास आणि मृगाच्या पट्ट्यापाशी नव्यानं कॅलिब्रेशन कर. मला फोटो पाठवू नकोस, कॅलिब्रेशनची आकृती आणि क्रांतीचा अर्ध्या तासाचा आलेख पाठव. तो बघून कुठला बोल्ट किती फिरवायचा ते कळवते.

तुझी,
आत्या